आमदारांपुढचे धोरणाचे पेच: ग्रामीण विदर्भातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिवाळी अधिवेशन जवळ आलं की पारावर, कृषी केंद्राच्या ओट्यावर, बचत गटाच्या बैठकीत काही प्रश्न हमखास निघतात. ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न लोकांच्याच तोंडचे आहेत, काही ठिकाणी बोलीही तशीच राहू दिली आहे. उत्तर देताना प्रत्येक वेळी एकच गोष्ट तपासली: हे काम आमदाराच्या हातात आहे का? आणि असेल तर कशाच्या जोरावर, कायद्याच्या, पैशाच्या की सभागृहात जाब विचारण्याच्या? आपल्याकडे लोक आमदाराकडे लग्नपत्रिका, बदलीचा अर्ज आणि दवाखान्याचं बिल घेऊन जातात. धोरणाबद्दल विचारायला फार थोडे जातात. त्यांची संख्या वाढावी म्हणून हे लिहिलं आहे.

आमदाराचं खरं काम काय? रस्ता, सभामंडप, हायमास्ट दिवा हेच ना?

नाही. विधानसभेत २८८ जागा आहेत, त्यातल्या ६२ विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांत. विधान परिषदेचे ७८ सदस्य वेगळे. या सगळ्यांना वर्षाला प्रत्येकी पाच कोटींचा स्थानिक विकास निधी मिळतो, आणि गावात आपण आमदाराला मोजतो ते त्याच निधीवर. आता जरा हिशेब करा. दोन्ही सभागृहांच्या सगळ्या आमदारांचा हा निधी एकत्र केला तरी दोन हजार कोटींच्या आत बसतो. राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सात लाख कोटींचा होता. तो मंजूर करायचा अधिकारही याच आमदारांचा आहे. विभागाच्या खर्चाच्या मागणीवर कपात सूचना देणं, म्हणजे त्या खर्चावर आक्षेप नोंदवणं, पुरवणी मागण्यांत आपल्या प्रकल्पाला पैसा आहे का ते बघणं, विधेयक आलं की कलमवार बोलणं, हे त्यांचं मुख्य काम. दोन हजार कोटींसाठी आपण त्यांना पाच वर्षं धारेवर धरतो आणि सात लाख कोटींबद्दल एक शब्द विचारत नाही.

कापसाला भाव आमदार काऊन देत नाहीत?

हमीभाव दिल्लीत ठरतो. कृषी मूल्य आयोग शिफारस करतो, केंद्रीय मंत्रिमंडळ जाहीर करतं. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ७,७१० रुपये, लांब धाग्याला ८,११० आणि सोयाबीनला ५,३२८ रुपये ठरले. बाहेरच्या कापसावरचं आयात शुल्कही केंद्राच्याच हातात. ऑगस्ट २०२५ मध्ये ते ११ टक्क्यांवरून शून्यावर आलं आणि डिसेंबरअखेरपर्यंत तसंच राहिलं, म्हणजे आपल्या पहिल्या-दुसऱ्या वेच्याचा सगळा काळ त्यात गेला. या दोन्ही गोष्टींचा जाब खासदाराला विचारायचा.

पण भाव जाहीर होण्यापासून तो पदरात पडेपर्यंतचा रस्ता राज्यातून जातो. शेती आणि बाजार हे दोन्ही विषय राज्यघटनेनं राज्याकडे दिले आहेत. बाजार समित्या १९६३ च्या राज्य कायद्यावर चालतात. सीसीआयचं, म्हणजे केंद्राच्या भारतीय कापूस महामंडळाचं, खरेदी केंद्र आपल्या तालुक्यात कुठल्या जिनिंगवर आणि कधी सुरू होतं यासाठी मुंबईतून जोर लावावा लागतो. ओलाव्याचं उदाहरण घ्या. १२ टक्क्यांच्या वर ओलावा असला की सीसीआय कापूस घेत नाही. परतीचा पाऊस झाला की ऑक्टोबरची बोंडं भिजलेली असतात, दिवाळी तोंडावर असते, मजुराला वेचाईचे पैसे रोख द्यायचे असतात. गाडी केंद्रावरून परत फिरते ती थेट खाजगी व्यापाऱ्याच्या काट्यावर. इथे हमीभाव वाढून काही होत नाही. गावात कापूस वाळवायला आणि महिनाभर साठवायला जागा लागते, आणि तेवढा महिना काढायला हातात थोडा पैसा लागतो. सोयाबीन-तुरीसाठी शेतमाल तारण योजना आहे: माल गोदामात ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा टक्के व्याजाने घ्यायचं. आपल्या तालुक्याच्या बाजार समितीनं गेल्या हंगामात किती शेतकऱ्यांना हे तारण कर्ज दिलं, हा आमदाराला विचारायचा प्रश्न आहे. कापसासाठी अशी सोय का नाही, हा त्याच्या पुढचा.

राज्यानं फरक भरून दिल्याचंही उदाहरण आहे. २०२३ च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीनला हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत दिले गेले. पण त्यासाठी ई-पीक पाहणीची, म्हणजे मोबाईलवरून केलेली पिकाची नोंद लागली. ज्याच्याकडे मोबाईल नव्हता, किंवा ज्याच्या वावरात रेंज नव्हती, त्याला मागे धावावं लागलं. आणखी मागे गेलं तर १९७२ मध्ये राज्यानं कापूस एकाधिकार खरेदी योजनाच सुरू केली होती. तोटा साचत गेला आणि ती मोडली. ती जशीच्या तशी परत यावी असं माझं म्हणणं नाही. पण ‘कापसाच्या बाजारात राज्याला काही करता येत नाही’ असं कुणी सांगितलं तर हा इतिहास पुढे ठेवा.

धानाला बोनस मिळते, तो कसा मग?

भंडारा-गोंदियाकडचे आमदार अनेक वर्षं सभागृहात यासाठी भांडत आले म्हणून. हमीभावावर क्विंटलमागे बोनस दिला की केंद्र आपल्या खरेदीला कात्री लावतं, असा २०१४ नंतरचा नियम. त्यामुळे आता रक्कम क्षेत्रावर दिली जाते: २०२३-२४ आणि २०२४-२५ मध्ये हेक्टरी २०,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत. एका पट्ट्याचे आमदार पक्ष बाजूला ठेवून एका मागणीवर टिकले तर काय होतं हे धानपट्ट्यानं दाखवलं आहे. कापूसपट्ट्यात हे अजून जमलेलं नाही.

कर्जमाफी केंद्राची की राज्याची?

शेतीच्या कर्जबाजारीपणातून दिलासा देणं हा विषय राज्यसूचीत शब्दशः लिहिलेला आहे. बँका मात्र केंद्राच्या अखत्यारीत. म्हणून राज्य माफी करतं तेव्हा बँकेला आपल्या तिजोरीतून पैसे भरतं.

२००८ ची माफी केंद्राची होती. पूर्ण माफीला पाच एकरांची म्हणजे दोन हेक्टरची अट होती, आणि तिथेच यवतमाळ-वाशीमचा कोरडवाहू शेतकरी मार खाऊन गेला. बारा एकर कोरडवाहू पऱ्हाटी, म्हणजे कापूस, असलेला माणूस कागदावर मोठा शेतकरी ठरतो, दोन एकर ऊस असलेला लहान. नंतर राज्यानं २०१७ मध्ये दीड लाखांपर्यंत आणि २०१९ मध्ये दोन लाखांपर्यंतची माफी केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये शेतकऱ्यांनी नागपूरजवळ महामार्ग रोखला, त्यानंतर सरकारनं ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेण्याचं जाहीर केलं.

माफी मागताना आमदाराला सोबत एक प्रश्न विचाराच: माफीनंतरच्या पहिल्या खरिपात नवं पीककर्ज किती जणांना मिळालं? थकबाकीदार म्हणून बँकेनं दार बंद केलं असेल तर माणूस पुन्हा सावकाराच्याच दारात जातो.

सावकाराने वावर लिहून घेतलं. काही होते का?

होतं. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याचं कलम १८ वाचा. अवैध सावकारानं कर्जापोटी जमीन खरेदीखत करून घेतली असेल आणि व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला असेल, तर जिल्हा उपनिबंधक चौकशी करून ती मूळ मालकाला परत देऊ शकतात. हा कायदा राज्य विधिमंडळानं केलेला आहे. आमदारानं विचारावं ते एवढंच की जिल्ह्यात किती अर्ज आले, किती निकाली निघाले आणि किती एकर जमीन प्रत्यक्ष ताब्यात मिळाली.

मक्त्याने वावर करतो. पीकविमा नाही, कर्ज नाही, नुकसान झालं तर मदत मालकाच्या खात्यात. हे कधी बदलेल?

माझ्या मते आपल्या भागातला सगळ्यात दुर्लक्षित प्रश्न हाच आहे. मालक नागपूर-अमरावतीत, पुण्यात नोकरीला. वावर मक्त्यानं, म्हणजे भाड्यानं, किंवा बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, गावातल्या माणसाकडे. बी, खत, फवारणी, मजुरी सगळी त्याची. अतिवृष्टी झाली की पंचनामा सातबाऱ्यावरच्या नावानं.

मालक करार लिहून का देत नाही? कसणारा कूळ म्हणून जमिनीवर हक्क सांगेल ही भीती. विदर्भाला यासाठी वेगळा कायदा आहे: विदर्भ प्रदेशाचा कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५८. त्या काळी त्याचा हेतू मोलाचा होता, कसणाऱ्याला जमीन मिळावी हा. पण आज त्याच कायद्याच्या धास्तीनं मालक अकरा महिन्यांचा साधा कागदही करत नाही, आणि कसणारा पूर्णपणे अदृश्य होतो. विम्यात मक्तेदाराला सहभागी होता येतं, पण नोंदवलेला भाडेकरार जोडा म्हणतात. तो आणायचा कुठून?

उपाय विधिमंडळाच्याच हातात आहे. मालकी हक्काला धक्का लागणार नाही आणि कसणाऱ्याला कर्ज, विमा, नुकसानभरपाई मिळेल असा नोंदणीचा मार्ग कायद्यात घालता येतो. जुन्या कुळांचे हक्क बुडणार नाहीत याची काळजी घेऊन. हे अवघड आहे, कारण मालक मतदार आहे आणि मक्तेदारही मतदार आहे, आणि दोघंही एकाच गावात राहतात.

आत्महत्येनंतरच्या मदतीतही हीच नोंद आडवी येते. ती मदत एक लाखाची, २००६ पासून तेवढीच. शेतीची नोंद, बँकेची किंवा परवानाधारक सावकाराची थकबाकी, अशा अटींवर प्रकरण पात्र की अपात्र ठरतं. मक्त्यानं वावर करणाऱ्याच्या घरी आणि जमीन सासऱ्याच्या नावे असलेल्या बाईच्या बाबतीत ‘अपात्र’ हा शिक्का सहज बसतो. रक्कम वाढवणं आणि अटी माणसाकडे बघून लिहिणं, दोन्ही राज्याचं काम आहे. त्यासाठी दिल्लीला विचारावं लागत नाही.

एक रुपयाचा पीकविमा बंद का झाला?

२०२३ च्या खरिपात तो सुरू झाला आणि २०२५ च्या खरिपापासून राज्यानं बंद केला. आता खरिपाला दोन टक्के, रब्बीला दीड, नगदी पिकाला पाच टक्के हप्ता शेतकऱ्याचा. बोगस अर्ज सापडले हे कारण दिलं गेलं. पण हप्त्यापेक्षा मोठा बदल दुसराच आहे. स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचं नुकसान हे आधार काढले आणि भरपाई फक्त महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगावर आली. आपल्या नाल्याकाठचं वावर वाहून गेलं पण मंडळाचं सरासरी उत्पन्न बरं आलं, तर हातात काही नाही. रानटी जनावरांनी केलेलं नुकसान २०२६ च्या खरिपापासून विम्यात घेण्याचं केंद्रानं जाहीर केलं आहे. आपल्या राज्यात, आपल्या पिकाला ते कसं लागू होतं यावर आमदारांनी आत्ताच बोलायला हवं.

अनुशेष, अनुशेष म्हणतात. तो नेमका काय, आणि कधी भरणार?

अनुशेष म्हणजे राज्याच्या सरासरीच्या मागे राहिलेल्या विकासाची तूट. १९५३ च्या नागपूर करारानं विदर्भाला निधीत, नोकऱ्यांत न्याय्य वाटा आणि वर्षातून एक अधिवेशन नागपुरात, असं वचन दिलं. १९८४ मध्ये दांडेकर समितीनं हिशेब मांडला: राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी, त्यातला जवळपास ३९ टक्के विदर्भाचा. राज्यघटनेच्या ३७१(२) कलमानुसार १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं झाली. २००१ पासून निधीचं वाटप राज्यपालांच्या निर्देशानं होऊ लागलं. केळकर समितीनं २०१३ मध्ये नवा अहवाल दिला. आणि ३० एप्रिल २०२० ला मंडळांची मुदत संपली.

मंडळांना फार अधिकार होते अशातला भाग नाही. पण दरवर्षी कुणीतरी आकडे मोजत होतं, ते विधिमंडळापुढे येत होते. मोजणी थांबली की मागणीचा आधारच जातो. विदर्भातला आमदार कुठल्याही बाकावर बसत असो, हा प्रश्न त्यानं मांडायलाच हवा.

सिंचनाचं चित्र गोसीखुर्दवर दिसतं. पवनी तालुक्यात वैनगंगेवर १९८८ मध्ये पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं. मूळ अंदाज ३७२ कोटींचा, उद्दिष्ट अडीच लाख हेक्टरचं. पुढे तो राष्ट्रीय प्रकल्प झाला आणि खर्च १८ हजार कोटींच्या पुढे गेला. धरण उभं आहे, पाणी अडलं आहे, गावं उठली आहेत, आणि कालव्याच्या शेवटच्या टोकाची वावरं अजून वाट बघतात. वर नागपूर शहराचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे त्याच जलाशयात येतं. आता वैनगंगा-नळगंगा जोडप्रकल्प मंजूर झाला आहे: सुमारे ४२६ किलोमीटरचा कालवा, ८७ हजार कोटींहून जास्त खर्च, पाणी थेट बुलडाण्यापर्यंत. पाणी पश्चिमेला जावं, त्याला विरोध नाही. पण गोसीखुर्दच्या वितरिका, म्हणजे शेतापर्यंत जाणारे लहान कालवे, अर्धवट ठेवून नवा नारळ फुटत असेल तर भंडाऱ्याच्या आमदारानं उभं राहून तारीख विचारली पाहिजे.

आणि लहान कामं विसरू नका. पूर्व विदर्भात मालगुजारांच्या काळातले साडेसहा हजारांहून जास्त मामा (माजी मालगुजारी) तलाव आहेत. गाळ काढणं, पाळ दुरुस्त करणं, तुडुंब पातळीतलं अतिक्रमण हटवणं यासाठी ८७ हजार कोटी लागत नाहीत.

खारपाणपट्ट्यात प्यायचं पाणीच खारं. आमचं कोण ऐकते?

अमरावती, अकोला, बुलडाण्यातल्या पूर्णेच्या खोऱ्यातली ही गावं. बोअर मारला तर खारं पाणी लागतं, मूत्रपिंडाचे रुग्ण घराघरात. इथे उपाय एकच: गोड पाणी लांबून नळानं आणणं आणि शेतीसाठी पावसाचं पाणी शेततळ्यात धरणं. योजना कागदावर आहेत. नळ बसला पण पाणी आठवड्यातून किती वेळा येतं, हा आकडा मागा. त्या गावांच्या जवळ डायलिसिसची सोय कुठे आहे, हेही विचारा.

वीज आमच्याच जिल्ह्यात बनते, मग मोटर रात्री दोनला काऊन चालू करायची?

चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचं, कोराडी आणि खापरखेडा नागपूर जिल्ह्यात. कोळसा आपला, राख आपल्या अंगणात. वीज मात्र राज्याच्या ग्रीडमध्ये जाते आणि शेतीला चक्राकार वेळापत्रकानं मिळते. रात्री ओलीत करताना साप चावून, करंट लागून, आणि आता वाघामुळे माणसं मरतात.

२०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं बिल राज्य भरतं. बिल माफ झालं, वेळ बदलली नाही. दिवसाच्या विजेसाठी सौर कृषी वाहिनी योजनेतून गावाजवळ सौर प्रकल्प उभे राहत आहेत, आणि स्वतंत्र सौरपंपाला शेतकऱ्याचा वाटा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के. पंप बिघडल्यावर कंपनीचा माणूस किती दिवसांत येतो, यावर सभागृहात बोलणारा आमदार हवा आहे.

वाघ, रोही, रानडुक्कर यांचा बंदोबस्त आमदार करू शकतात का?

अर्धा. जंगल आणि वन्यजीव हे विषय १९७६ च्या घटनादुरुस्तीनं समवर्ती सूचीत गेले. १९७२ चा वन्यजीव कायदा केंद्राचा. एखाद्या प्राण्याला उपद्रवी ठरवण्याचा अधिकार केंद्राचा आहे, त्यामुळे ‘विधानसभेत ठराव करून डुकरं मारू’ असं कुणी म्हणालं तर ते होणारं नाही.

राज्याच्या हातात आहे ते भरपाई, कुंपण आणि माणसं. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाला तर वारसांना २५ लाख मिळतात, त्यातले दहा लाख लगेच आणि उरलेले मुदत ठेवीत. ताडोबा-अंधारीच्या भोवताली, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या तालुक्यांत मोहफूल आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत, एप्रिल-मेमध्ये, हल्ले वाढतात. हे दरवर्षी ठाऊक असतं. त्या दोन महिन्यांसाठी जादा वनमजूर, गट करून जाण्याची व्यवस्था, कॅमेरे, धोक्याची सूचना देणारी यंत्रणा यांचा पैसा मार्चच्या अर्थसंकल्पात मागावा लागतो. मृत्यूनंतर रस्त्यावर मृतदेह ठेवून मागण्याची पाळी येऊ नये.

पिकाचं नुकसान मोठ्या भागात जास्त आहे आणि त्याची बातमी होत नाही. रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप एका रात्रीत तुरीचं तास साफ करतो. माणसं मचाणावर जागलीला जातात, घरी बायकापोरं एकटी. वैतागून कुणी तारेत करंट सोडतो आणि त्यात शेजाऱ्याचा जीव जातो. सौर कुंपण श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन योजनेतून व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांना मिळतं. रोही मात्र सगळीकडे आहेत. योजनेची हद्द वाढवणं पूर्णपणे राज्याचा निर्णय आहे.

झुडपी जंगलाचा निकाल लागला म्हणतात. आमची घरं जाणार का?

घाबरू नका, पण झोपूही नका. जुन्या मध्य प्रांताच्या दप्तरात गुरं चारायच्या खुरट्या जमिनीला ‘झुडपी’ लिहिलं होतं. पुढे ती वन म्हणून धरली गेली. नागपूर विभागाच्या सहा जिल्ह्यांत असं सुमारे ८६ हजार हेक्टर आहे, त्यावर शाळा, दवाखाने, वस्त्या, स्मशानभूमी सगळं आलं. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं ही जमीन वनच असल्याचं सांगितलं, आणि १२ डिसेंबर १९९६ पर्यंत सक्षम अधिकाऱ्यानं दिलेल्या जमिनींना एकवेळची सूट दिली. त्यासाठी राज्यानं केंद्राकडे प्रस्ताव पाठवायचा आहे. आपल्या गावाचे गट क्रमांक त्या प्रस्तावात आहेत का, वाटपाचा कागद कोणत्या तारखेचा, हे तलाठ्याकडून लेखी घ्या आणि प्रत आमदाराला द्या. यादीतून सुटलेलं गाव नंतर घालणं फार कठीण जातं.

ग्रामसभेला जंगलाचा हक्क मिळाला, तरी अडवणूक होते. ती कशी?

धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, पण स्वतःचा बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेपर्यंत २०११ उजाडलं. केंद्रीय मंत्री गावात आले तेव्हा तो हातात पडला. वनहक्क कायदा २००६ चा, पण अडचण खालच्या नियमांत होती. आजही बऱ्याच ग्रामसभांची तीच तक्रार आहे. पेसाचे, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचे, नियम राज्यानं २०१४ मध्ये केले, आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के निधी थेट ग्रामसभा कोषात यायला २०१५ मध्ये सुरुवात झाली. हा निधी वेळेवर येतो का, हे अनुसूचित जमाती कल्याण समितीनं गावात येऊन तपासावं अशी मागणी करता येते. ही समिती विधिमंडळाची आहे, तिला अधिकाऱ्यांना बोलावून विचारता येतं.

खाणीचा पैसा जातो कुठं?

२०१५ पासून खाणवाल्यांना स्वामित्वधनाचा ठरावीक हिस्सा जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे भरावा लागतो. चंद्रपूर, वणी, आणि आता सुरजागडच्या लोहखाणीमुळे गडचिरोली, इथे ही रक्कम मोठी आहे. ती बाधित गावांच्या पाणी, आरोग्य, शिक्षणासाठी आहे. आमदार या प्रतिष्ठानच्या नियामक परिषदेवर असतात. शहरातल्या सुशोभीकरणावर पैसा जात असेल तर ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर त्यांच्याकडून घेऊ नका.

लाडक्या बहिणीमुळे बाकीची कामं थांबली का?

ग्रामीण बाईच्या हातात महिन्याला १,५०० रुपये येणं ही फार मोठी गोष्ट आहे, हे आधी मान्य करू. त्यातून शिलाई मशीन आलं, मुलीची फी भरली गेली, औषध आलं. २०२५-२६ मध्ये यासाठी ३६ हजार कोटी ठेवले होते. त्याच वर्षी महसुली तूट ४५ हजार कोटींवर आणि राज्याचं कर्ज नऊ लाख कोटींच्या पुढे जाणार असा सरकारचाच अंदाज होता. कंत्राटदारांची देयकं अडकली, तीही आपण पाहिली.

तेव्हा पेच खरा आहे, पण तो बहिणींच्या माथी मारू नये. कुठल्या खर्चाला आधी हात लावायचा हे ठरवायला विधानसभा असते. आदिवासी विकास आणि सामाजिक न्यायाचा निधी दुसरीकडे वळवला का, हे त्या विभागाच्या मागणीवरच्या चर्चेत कळतं. आपला आमदार त्या दिवशी सभागृहात होता का, हे विधिमंडळाच्या कार्यवाहीत छापलेलं असतं.

दारूबंदी ठेवायची की उठवायची?

हा पूर्णपणे राज्याचा विषय. वर्धा सत्तरच्या दशकापासून बंद, गडचिरोली १९९३ पासून, चंद्रपूर २०१५ ला बंद झालं आणि २०२१ ला उठवलं. मोहाची दारू आणि शेजारच्या जिल्ह्यातून येणारा माल, या दोन्हीकडे डोळेझाक झाली तर बंदी फसते. पण फसते म्हणून उठवायची, हा न्याय मला पटत नाही. गडचिरोलीच्या बायकांनी ती लढून आणली होती. गावपातळीवर मतदान घेऊन दुकान बंद करण्याचा नियम आहे, पण त्यात एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं ‘आडव्या बाटली’ला, म्हणजे दुकान बंद करण्याच्या बाजूनं, पडावी लागतात. मजुरीला बाहेरगावी गेलेल्या बाया मतदानाला येणार कशा? झालेल्या मतदानाच्या बहुमतावर निर्णय, एवढी एक दुरुस्ती आमदारांनी करून दाखवावी.

वीस पोरांच्या आतली शाळा बंद होणार का?

मुलं कमी म्हणून शिक्षकाचं पद कमी, शिक्षक कमी म्हणून पालक पोरं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालतात, आणि पट आणखी घसरतो. अशा लहान शाळा एकत्र करायचा, म्हणजे समूह शाळेचा प्रस्ताव २०२३ मध्ये पुढे आला. शिक्षण हक्काच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. मेळघाटात, भामरागडात एक किलोमीटर म्हणजे मध्ये नाला. पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की अख्खं भामरागड तुटतं. अशा ठिकाणी पटसंख्येचा शहरी निकष लावू नये, हे स्पष्ट शब्दांत शासन निर्णयात यायला हवं.

दवाखान्यात डॉक्टरच नाही.

मंजूर पदं किती, भरलेली किती, प्रत्यक्ष मुक्कामी किती, हे तीन आकडे वेगवेगळे विचारा. मेळघाटातल्या बालमृत्यूंवर उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं याचिका चालल्या. हेच काम विधानसभेनं आधी करायला हवं होतं.

फवारणीतून विषबाधा झाली तेव्हा राज्याने औषधं कायमची बंद का केली नाहीत?

२०१७ मध्ये यवतमाळात शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. १९६८ चा कीटकनाशक कायदा केंद्राचा आहे, त्यात राज्याला साठ दिवसांची तात्पुरती बंदी घालता येते, आणि ती मुदत फार तर थोडी वाढते. कायमची बंदी दिल्लीतून. पण विक्रेत्यांची तपासणी, मजुराला किट, ग्रामीण रुग्णालयात विषबाधेवरचं औषध आणि रक्ततपासणी, हे राज्याचं. मृत्यू फवारणाऱ्या मजुराचा झाला तर त्याच्या नावावर वावर नसतं, हे इथेही आठवा.

वेगळा विदर्भ झाला तर सुटेल?

१९५५ मध्ये फाजल अली आयोगानं वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. नवं राज्य करण्याचा अधिकार संसदेचा, घटनेच्या तिसऱ्या कलमानं. विधानसभेचं फक्त मत मागवलं जातं, ते बंधनकारक नसतं. मागणी ज्यांना पटते त्यांनी जरूर लावून धरावी. मक्तेदाराची नोंद आणि कालव्याचं शेवटचं टोक त्यासाठी थांबवून ठेवू नये.

आमच्या गावचा प्रश्न विधानसभेत लागावा, तर काय लिहून द्यायचं?

निवेदनाची चार पानं नकोत. तारांकित प्रश्नाची, म्हणजे ज्याला मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं असतं त्याची, सूचना अधिवेशनाच्या महिनाभर आधीच द्यावी लागते, म्हणून नागपूरच्या अधिवेशनासाठी दसरा-दिवाळीच्या सुमारास आमदाराकडे जा. एका कागदावर एकच विषय, असा: “अमुक तालुक्यातील अमुक लघु कालव्याचे काम सन अमुकपासून अपूर्ण असल्यामुळे इतक्या हेक्टर क्षेत्रास पाणी मिळत नाही, हे खरे आहे काय, असल्यास, विलंबाची कारणे काय आहेत, काम पूर्ण करण्यासाठी चालू वर्षात किती निधीची तरतूद केली, नसल्यास, विलंबाची जबाबदारी निश्चित केली आहे काय?” सोबत ग्रामसभेच्या ठरावाची प्रत आणि माहितीच्या अधिकारात मिळालेलं एखादं उत्तर जोडा. पुरावा असला की विभागाला ‘हे खरे नाही’ म्हणून सुटता येत नाही.

उत्तर ‘हे अंशतः खरे आहे’ किंवा ‘माहिती घेण्यात येत आहे’ असं आलं तर तिथे थांबू नका. आमदाराला त्यावर अर्धा तास चर्चा मागता येते, विषय तातडीचा असेल तर लक्षवेधी सूचना लावता येते. मंत्र्यांनी सभागृहात ‘करू’ म्हटलं असेल तर ते वाक्य छापील कार्यवाहीतून उतरवून घ्या आणि आश्वासन समितीकडे त्याचं काय झालं ते आमदारामार्फत विचारा. आमदार दाद देत नसेल तर विनंती अर्ज समिती आहे, तिच्याकडे नागरिकांचा अर्ज आमदाराच्या सहीनं जातो, आणि ती सही आपल्याच मतदारसंघाच्या आमदाराची असायला हवी असं नाही. विधान परिषदेच्या सदस्यालाही भेटा. जिल्हा परिषदांची मुदत २०२२ मध्ये संपल्यावर अनेक जिल्ह्यांत प्रशासक बसले, तेव्हा पांदण रस्त्याचा प्रश्नसुद्धा आमदारापर्यंत न्यावा लागला. पांदण अडली असेल तर मात्र आधी तहसीलदाराकडे १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली अर्ज करा. ते काम तिथेच होतं, मुंबईपर्यंत न्यायची गरज नाही.